साडेसातचं गाणं

१

ब्राह्मणपुरीच्या शिवारातली ती विहीर बुजून तेरा वर्षं झाली होती. शेत चार वर्षांपूर्वी विकलं गेलं, आणि यंदा नव्या मालकाची बोअर आटली म्हणून मे महिन्यात त्यानं जेसीबी लावून जुनी विहीर उपसायला काढली. दोन दिवस नुसते दगड निघाले. दगडांखाली कुजलेल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या काड्यांचा, काळा थर लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी बकेट वर आली तेव्हा दगडमातीत एक मानवी कवटी होती. चालकानं मशीन जागेवर बंद केलं आणि तो मालकाला बोलवायला धावला.

फौजदार रविना पावरा तिथं पोहोचली तेव्हा बांधावर अर्धं गाव जमलं होतं. रविना एकतीस वर्षांची, मूळची धडगावकडची. या ठाण्यात येऊन तिला आठ महिने झाले होते. तिच्याबरोबर होते हवालदार शिवाजी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, परिसरातल्या प्रत्येक घराची माहिती तोंडपाठ असलेले.

डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की हाडं बाईची आहेत, वय तिशीच्या आत, आणि मरून दहा वर्षांहून जास्त काळ लोटलाय. डोक्याला कुठंही तडा नव्हता. मोडला होता तो उजवा पाय. डॉक्टर जरा थांबून म्हणाले की पडल्या पडल्या ही बाई गेली असेल असं त्यांना वाटत नाही.

डाव्या मनगटाच्या हाडात चांदीचं जाड कडं अडकलेलं होतं. दोन्ही टोकांशी तीन-तीन ठिपके ठोकलेले. रविनानं दोन दिवस गाळ चाळून घेतला. दुसरं काही निघालं नाही.

बेपत्ता बायांच्या यादीत वयानं आणि काळानं जुळणारं नाव एकच होतं. कालीबाई जालमसिंग, राहणार तोरणमाळ, मिरचीच्या तोडणीला ब्राह्मणपुरीत आलेली, फेब्रुवारी २०११ पासून बेपत्ता. जालमसिंगला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी तो आला. पंचेचाळिशीचा, उन्हानं करपलेला, खिशात जुना साधा मोबाईल. टेबलावर कपड्यात ठेवलेलं कडं त्यानं हातात घेतलं, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं. तो रडला नाही. त्यानं कपड्याची घडी उलगडून खाली बघितलं.

मग पावरी बोलीत त्यानं एवढंच विचारलं, "दुसरं कुठंय?"

२

शिवाजींचा संशय सरळ जालमसिंगवर होता. तेव्हा सगळ्या गावाचाच होता. कालीबाई बेपत्ता झाली त्या वर्षी होळीच्या सुमाराला हा तिला शोधत आला आणि म्हणाला, जानेवारीच्या शेवटी मी स्वतः तिला इथं भेटून ऊसतोडीला गुजरातेत गेलो होतो. पण ज्यांच्या शेतात ती कामाला होती ते गोकुळ गुरुजी म्हणाले की ती संक्रांतीआधीच मजुरांच्या टोळीबरोबर सुरतेकडे निघून गेली. शाळेतल्या गुरुजींचा शब्द आणि डोंगरातल्या मजुराचा शब्द. कुणाचा धरला गेला हे सांगायला नको. खोटं बोलतोय म्हणजे यानंच काहीतरी केलं असणार, असं ठरून गेलं. पुरावा नव्हता म्हणून तो सुटला एवढंच. कालीबाईच्या सख्ख्या भावानं त्याच्या हातचं पाणी पिणं सोडलं.

"मॅडम, खोटं बोलनारा मानूस एकदा पकडाई गया म्हंजे गया," शिवाजी म्हणाले. "ईहीर तवय गुरुजीसनी व्हती, पन गुरुजी असा मानूस नही."

गुरुजी आता शहाद्यात राहत होते. रविना संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांच्या घरी गेली. दिवाणखान्यात भिंतभर मानपत्रं आणि शाली होत्या. गोकुळ गुरुजींना पंचक्रोशीत कोण ओळखत नव्हतं? 'उतरणीला दिवा ठेव' हे गाणं त्यांचं. आणि ते गायलेल्या ममताताई त्यांच्या पत्नी.

या गाण्याची गोष्टच वेगळी होती. २०११ साली त्याची सीडी निघाली तेव्हा ती कुणी घेतली नाही. संथ चालीचं, एका बाईच्या एकट्या आवाजातलं प्रेमगीत. लग्नात वाजवावं असं त्यात काही नव्हतं. दोन वर्षांनी लोणखेड्याच्या रस्त्यावर 'रेडिओ गोमाई' नावाचं छोटं केंद्र सुरू झालं, आणि तिथं कार्यक्रमांच्या मधली चार मिनिटं भरायला म्हणून ते वाजायला लागलं. मग कुणी कुणी फर्माईश करायला लागलं. हळूहळू फर्माईशी वाढल्या, वर्षं गेली, आणि आता रोज संध्याकाळी साडेसातला ते लागलं नाही तर केंद्रावर फोन यायचे. दुकानं त्या गाण्यावर बंद व्हायची. नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करताना, शहाद्यातल्या भाड्याच्या खोलीत, रविनाही त्या गाण्यावर वह्या मिटायची.

उतरणीला दिवा ठेव, उशीर होईल मला,
चांदण्याची वाट धरून येईन मी घराला.

गुरुजींनी सगळं शांतपणे सांगितलं. कालीबाई कष्टाळू होती, संक्रांतीआधी गेली, विहिरीत कधी आणि कशी पडली ते कळायला मार्ग नाही. विहिरीचं पाणी तसंही खराब झालं होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत ते जनगणनेच्या कामावर धडगावकडे होते. महिन्याअखेर परत आले तोवर ममताताईंनी विहीर बुजवून घेतली होती, कारण तिच्यात कुत्रं पडून वास यायला लागला होता. ममताताईंनी मान डोलावली. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, शब्द तोलून बोलणाऱ्या बाई. कालीबाईचा चेहराही आता आठवत नाही, असं त्या म्हणाल्या.

तेवढ्यात साडेसात झाले. शेजारच्या घरातून ते गाणं सुरू झालं. रविनानं नकळत कान दिला, पण ममताताई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

"ऐकून ऐकून कंटाळा येतो हो," त्या म्हणाल्या.

रविना बाहेर पडली तेव्हा गाणं संपायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, घराघरातून तोच आवाज येत होता. धृपदाच्या आधी, हार्मोनियमच्या मागं, टिण् टिण् असा एक बारीक ठेका. शेकडो वेळा तिनं तो ऐकला होता आणि कसलंतरी वाद्य समजून सोडून दिला होता. आज मात्र ती थांबली. जात्यापाशी बसलेली तिची आई गाताना दोन्ही मनगटं एकमेकांवर आपटायची. कड्यावर कडं. तोच आवाज होता तो.

३

रेडिओ गोमाईचं केंद्र म्हणजे दोन खोल्या. निवेदक नवलसिंग सुरुवातीपासून तिथं होता. ममताताईंबद्दल तो भरभरून बोलला, पण एक गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. दहा वर्षांत त्यांनी एकदाही प्रत्यक्ष गायलं नव्हतं. दर कार्यक्रमाला घसा बसलेला असायचा. मागं गाणं लावायचं आणि त्यांनी ओठ हलवायचे. मोठ्या माणसांचं असतं असं, म्हणून यानं विषय कधी वाढवला नाही.

रविनानं ठेक्याबद्दल विचारलं. नवलसिंग हसला. तोच प्रश्न श्रोते वर्षानुवर्षं विचारत होते, म्हणून त्यानं २०१६ सालच्या मुलाखतीत ममताताईंना तो विचारला होता. ते ध्वनिमुद्रण त्यानं लावून दाखवलं. त्यात ममताताई क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "माझ्या हातात चांदीचं कडं होतं, त्याचा आवाज आहे तो." मग काय, लोकांनी ते कडं बघायचा हट्टच धरला. पुढच्या वर्धापनदिनाला ताई डोंगरातल्या बाईसारखा साज करून आल्या. भिंतीवर तो फोटो होता. गळ्यात चांदीची सरी, डोक्यावरून घेतलेला पदर, उजव्या हातात कडं. रविनानं मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

मग तिनं जुन्या फर्माईशींच्या वह्या मागितल्या. हे गाणं वर कसं आलं, ते तिला बघायचं होतं. नवलसिंगनं २०१३ आणि २०१४ च्या वह्या काढून दिल्या. नाव, गाव, फोन नंबर, गाणं. पहिल्या पानांवर 'उतरणीला दिवा ठेव' मागणारी नावं रोज वेगळी होती. कधी राणीपूरचा कुणी, कधी म्हसावदचा, कधी धडगावचा. ती ठाण्यात परत येऊन खुर्चीत बसली आणि तिनं नावांऐवजी नंबर वाचायला सुरुवात केली.

नंबर एकच होता. पहिली दीड वर्षं, जवळजवळ रोज, एकाच माणसानं वेगवेगळ्या नावांनी ते गाणं मागितलं होतं. त्यानंतर हळूहळू दुसरे नंबर दिसायला लागत होते.

रविनानं तो नंबर लावला. बाहेर ओसरीतल्या बाकावर, हाडांचा ताबा कधी मिळतो याची वाट बघत बसलेल्या जालमसिंगच्या खिशातला फोन वाजला.

४

शिवाजींना एवढं पुरेसं होतं. मारलेल्या बाईचं भूत मानेवर बसलं की माणूस असंच काहीतरी करतो, असं त्यांचं मत पडलं. रविनानं जालमसिंगला आत बोलावलं, दार लावलं आणि पावरीत विचारलं की हे गाणं तू का मागायचास.

तो म्हणाला, "तिचा आवाज आहे तो."

बाकीचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. २०१३ च्या पावसाळ्यात तोरणमाळच्या पठाराच्या टोकाला गुरं चारताना कुणाच्या तरी मोबाईलवर रेडिओ लागला होता, आणि त्यात काली गात होती. चालही तिचीच. भगर कांडताना ती तीच चाल गायची, फक्त शब्द आपल्या बोलीतले असायचे. तो दुसऱ्याच दिवशी खाली उतरून केंद्रावर गेला. तिथल्या एका माणसानं त्याला सीडीचं कव्हर दाखवलं. त्यावर ममताताईंचं नाव आणि फोटो होता. आवाजावर काही नाव लिहिलेलं नसतं. एकदा खोटारडा ठरलेल्या माणसानं पुन्हा कुणाला काय सांगायचं?

म्हणून त्यानं एकच केलं. ते गाणं वाजत राहील असं बघितलं. रोज संध्याकाळी पठाराच्या टोकाला जायचं, कारण गावात रेडिओ लागत नाही. तिथून फोन करायचा, दरवेळी दुसरं नाव सांगायचं. त्याचं म्हणणं, ते गाणं बंद पडलं असतं तर काली होती याचीच खूण राहिली नसती. आणि वाजत राहिलं तर कधीतरी कुणीतरी ओळखेल. पुढं लोकच मागायला लागले आणि याला फोन करायची गरज उरली नाही. ऐकायला मात्र तो रोज जायचा.

रविनानं वही मिटून बाजूला ठेवली. मग तिनं कड्यांबद्दल विचारलं. ती लग्नात त्यानंच घातली होती. दोन्ही एका कारागिरानं घडवलेली, टोकांना तीन-तीन ठिपके. गाताना ती दोन्ही हात आपटायची. कड्यांशिवाय तिला सूर लागायचा नाही.

तिनं त्याला विचारलं की एका कड्यानं तो आवाज निघेल का.

त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू एवढं साधं तिला कसं कळत नाही. "एक कशावर वाजणार?"

५

ते गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं इंदरमलशेठनी. बाजारपेठेत त्यांचं कॅसेटचं आणि रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान होतं, आणि वरच्या मजल्यावर भिंतींना गाद्या ठोकून केलेली ध्वनिमुद्रणाची एक खोली. शेठ ऐंशीच्या घरात होते. पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं घराणं. रविनानं विचारताच त्यांनी सांगितलं की आता काही आठवत नाही. गाणं मे महिन्यात झालं, ममताबेन गायल्या, कव्हरवर छापलंय तसंच.

रविनानं त्यांच्यासमोर गाणं लावलं आणि तिसऱ्या कडव्यापाशी थांबवलं. तिथं आवाजाच्या खूप मागं एक लांबट भोंगा ऐकू येत होता. साखर कारखान्याची पाळी बदलल्याचा. मे महिन्यात कारखाना बंद असतो. भोंगा वाजतो तो गाळपाच्या हंगामात, म्हणजे फार तर मार्चपर्यंत.

आतल्या दारात त्यांच्या पत्नी पानीबाई उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे न बघता आत गेल्या आणि पत्र्याच्या डब्यातून एक सीडी घेऊन आल्या. त्यावर शेठच्याच अक्षरात तारीख होती, १३-२-११.

"अब कह दो," त्या शेठना म्हणाल्या. ते बोलेनात, तेव्हा त्याच बोलायला लागल्या.

त्या दिवशी रविवार होता. गुरुजी जनगणनेच्या कामातून एका दिवसाची सवड काढून आले होते. आधी ममताबेननी चार-पाच वेळा गाऊन बघितलं. वरचा सूर टिकेना. गुरुजींनी चाल सांगायला म्हणून एका पावरा बाईला आणलं होतं, तिनंच ती चाल त्यांना शेतात ऐकवली होती. शेठच म्हणाले, हिला एकदा गाऊ द्या. एकदाच गायली ती. हातातली कडी काढ म्हटलं तर काढेना. दोन्ही हात आपटत, डोळे मिटून गायली. गाणं संपलं तेव्हा गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं. पानीबाईंनी तिला कोमट पाणी दिलं.

"मग नाव ममताताईंचं का घातलं?" रविनानं विचारलं.

आता शेठ बोलले. ती बाई निघून गेली, तिचा पत्ता नाही, बायकोचं नाव घाला असं गुरुजींनी मार्चमध्ये येऊन सांगितलं. सीडी कुणी घेणार नव्हतंच. काय बिघडतं, असं वाटलं. पुढं गाणं एवढं वाढेल असं कुणाच्या स्वप्नात होतं? आणि वाढल्यावर खरं सांगायची त्यांना लाज वाटली.

रविनाला अजून एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी इथून कोण कुणाबरोबर गेलं?

पानीबाई म्हणाल्या की गुरुजी इथूनच धडगावच्या बसला गेले, आणि त्या दोघी एकाच रिक्षात बसून ब्राह्मणपुरीला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी रविना आणि शिवाजी गुरुजींकडे गेले. जाताना शिवाजींनी विचारलं की संक्रांतीबद्दल खोटं गुरुजी बोलले, मग खून त्यांनीच केला असणार ना. रविना म्हणाली की गुरुजी तेरा तारखेच्या संध्याकाळपासून महिन्याअखेरपर्यंत धडगावला होते. ती नोंद तिनं पाहिली होती, तिथल्या दोन सहकाऱ्यांशी बोलणंही झालं होतं. खोटं नवराबायको दोघांनी सांगितलं होतं, पण कारणं वेगळी होती. त्या दोन्ही थापा एकमेकींना नेमक्या लागू पडल्या, म्हणून तेरा वर्षं निभावून गेलं.

गुरुजींनी चहा ठेवायला सांगितलं. रविनानं नको म्हटलं. तिनं सीडीवरच्या तारखेचा उल्लेख केला नाही. हे गाणं ममताताईंनी गायलेलं नाही असं एक जण म्हणतोय, एवढंच ती बोलली. गुरुजींचा चेहरा उतरला, पण लगेच ते सावरले. असल्या गोष्टी उठतातच, ते म्हणाले. त्या ठेक्याचं कडंसुद्धा घरात आहे, पाहिजे तर दाखवतो. ममताताई काही बोलायच्या आत ते उठून आत गेले आणि कपाटातून कडं घेऊन आले. ममताताईंचे हात मांडीवर होते तसेच राहिले.

रविनानं खिशातून दुसरं कडं काढलं आणि टीपॉयवर दोन्ही शेजारी ठेवली. टोकांना तीन-तीन ठिपके.

"गुरुजी, तो ठेका एका कड्याचा नाही," ती म्हणाली. "दोन कडी एकमेकांवर आपटल्याचा आहे. म्हणजे तेरा फेब्रुवारीला, इंदरमलशेठच्या खोलीत, दोन्ही कडी कालीबाईच्या हातात होती. विहिरीत ती एक घेऊन गेली. दुसरं तुमच्या कपाटात कसं आलं?"

गुरुजी म्हणाले की ते होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारातून घेतलं, असं ममतानंच सांगितलं होतं. एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. ते वळून बायकोकडे बघत राहिले.

"तू सांगं व्हतं, ती सुरतले गयी," ते म्हणाले. इतका वेळ पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस आपल्या घरच्या बोलीत आला होता. "मी म्हन्तं, तुले दुखाले नको, गानं तुन्हं ऱ्हावू दे. म्हनीसन मी, ती रेकॉर्डिंगना आधीच गयी, अशी तारीख खोटी सांगी. ममता, तू काय करं?"

ममताताईंनी नाकारलं नाही. त्या सांगायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. दोन महिने त्या ती चाल घोटत होत्या. रिक्षात बसल्यावर कालीबाई खूश होती, माझं नाव लिहिणार ना, असं पुन्हा पुन्हा विचारत होती. गावात उतरून दोघी शेतातल्या खोलीकडे गेल्या. विहिरीवर पाणी ओढताना कालीबाई हसून म्हणाली, बाई, तुम्हाला येईल हो, मी शिकवते ना. चेष्टा नव्हती ती. ती खरंच शिकवणार होती. तेच ममताताईंना सोसलं नाही. त्यांनी तिचं मनगट धरून हिसकलं. काठ मोकळा होता. मजुरीनं तिचे हात वाळले होते. कडं ममताताईंच्या हातात राहिलं आणि ती विहिरीत गेली.

"दोर होता ना विहिरीवर?" रविनानं विचारलं.

"होता."

"ती हाक मारत होती?"

ममताताईंनी पदर सारखा केला. "अंधार पडेपर्यंत," त्या म्हणाल्या. "मी खोलीत जाऊन बसले. सकाळी आवाज नव्हता. मग पऱ्हाटी टाकून घेतली, दगड टाकून घेतले." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "दोन वर्षं सुखात गेली. मग ते रेडिओवर लागायला लागलं."

शिवाजी दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ममताताईंना जीपमध्ये बसवलं तेव्हाही ते वळले नाहीत.

७

हाडांचा ताबा मिळायला जुलै उजाडला. डीएनएचा अहवाल आला, कागदांवर सह्या झाल्या, आणि एका पांढऱ्या कपड्यात बांधलेलं गाठोडं जालमसिंगच्या हाती आलं. गुरुजींवर खोटी माहिती दिल्याचा वेगळा खटला उभा राहिला होता. शेठनी दुकान मुलाच्या हाती सोपवून बाहेर पडणं सोडलं होतं. कालीबाईचा भाऊ ठाण्यात येऊन गेला, पण जालमसिंगच्या समोर उभं राहायची त्याची हिंमत झाली नाही.

रविनानं जालमसिंगला जीपनं तोरणमाळला सोडायचं ठरवलं. शिवाजी स्वतःहून चालवायला बसले. घाटाच्या पायथ्याशी आले तेव्हा धुकं इतकं दाटलं होतं की पुढचं वळण दिसेना. तिथल्या टपरीवर ते थांबले. जालमसिंग बाकावर बसला, गाठोडं मांडीवर. शिवाजींनी त्याला चहा आणून दिला आणि उभेच राहिले.

साडेसात झाले. टपरीवाल्याच्या रेडिओवर नवलसिंगचा आवाज आला. गेल्या महिन्यापासून तो गाण्याआधी तेच सांगत होता, की गायिका आणि मूळ चाल, कालीबाई जालमसिंग, तोरणमाळ. मग गाणं सुरू झालं. टपरीवाल्यानं आवाज वाढवला आणि स्टोव्ह पुसता पुसता तो गुणगुणायला लागला.

"पेपरवाला काहीबी लिखतस, आन हल्ली रेडिओवर बी नाव चुकीचं सांगी ऱ्हायनात," तो गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला. "ममताताईंचं गानं शे हे. धाकला व्हतू तईपासून ऐकी ऱ्हायनू."

रविना काही बोलणार होती. त्याआधी जालमसिंग बोलला, मोडक्यातोडक्या मराठीत, चढ्या आवाजात नाही, पण टपरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"ममताचं नाय. माझ्या बायकोचं आहे."

टपरीवाल्यानं त्याचा विटलेला शर्ट बघितला, मांडीवरचं गाठोडं बघितलं आणि तो हसला. बाकावरचे दोघे-तिघेही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एखादा म्हातारा वेड्यासारखं बोलला की हसतात, तसं ते हसले. शिवाजी पुढं झाले, पण जालमसिंगनं हातानंच त्यांना थांबवलं. त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चहाचा रिकामा पेला खाली ठेवून, गाठोडं दोन्ही हातांनी उचलून, तो जीपकडे चालायला लागला.